शाळेची बिल्डिंग बांधताय? आधी ऊन कुठून येतं ते बघा, या चुका टाळा

आमच्या ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि जानेवारीत सकाळी पोरं कुडकुडत येतात, तरी शाळेचा नकाशा काढताना लोक रस्त्यावरून फ्रंट कसा दिसेल एवढंच बघतात, बाकी एसी-हीटर लावून घेऊ म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

सगळ्यात मोठी चूक, पश्चिमेला भिंतभर काच. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या एका शाळेत लाइटबिल फार येतं म्हणून बोलावलं होतं. ऑक्टोबर, अडीच वाजलेले. पडदे ओढलेले, अंधार झाला म्हणून आठही ट्यूब चालू, पंखे फुल, आणि खिडकीकडच्या पोरांनी बाक ओढत ओढत दुसऱ्या भिंतीला नेलेले. एक मुलगी म्हणाली, सर, इथे हात लावून बघा. बाकाच्या लोखंडी पट्टीचा चटका बसला. अहो, पश्चिमेचं ऊन तिरपं, छज्जाखालून सरळ आत येतं, आणि काचेतून एकदा आत आलं की पडदा काय करणार? बाहेरच अडवायला पाहिजे. अर्ध्याहून जास्त काच विटांनी बुजवली, उरलेल्या खिडक्यांना बाहेरून चिका, म्हणजे बांबूचे पडदे, टांगल्या, तेव्हा कुठे पडदे उघडले.

मी खिडक्या उत्तर-दक्षिणच घेतो. दक्षिणेला चार फुटी खिडकीवर दोन फुटी छज्जा. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, ऊन छज्जावरच थांबतं, डिसेंबरात तो जेमतेम ४० अंशांवर, मग अर्ध्याहून जास्त खिडकीतून ऊन वर्गात येतं आणि दुपारी हीटर लागत नाही.

दुसरी चीड आणणारी गोष्ट, सगळ्या ट्यूब एका बटणावर. खिडकीजवळची रांग वेगळ्या बटणावर घ्या, दिवसा ती बंदच राहील. थोडी वायर जास्त लागते, पण घाईत काम उरकणाऱ्यांना तेवढंही जड जातं.

ट्यूब पंख्याच्या वर लावू नका, पात्यांची सावली वहीवर लपलपते. जुना ७५ वॅटचा पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घ्या, ३०-३५ वॅटमध्ये भागतं. गच्ची कमी तापावी म्हणून तिला पांढरा चुना दर उन्हाळ्याआधी.

आणि कूलर लावून खिडक्या बंद करू नका, समोरची उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा. थंडीत रोशनदानं, म्हणजे भिंतीतले वरचे झरोके, पुठ्ठ्याने बंद करतात तेही नको, चाळीस पोरांच्या वर्गात हवा कोंदते आणि तिसऱ्या तासाला पोरं पेंगायला लागतात.