आइस हॉकीतला बचावपटू जोखताना या चुका टाळा

दसऱ्याच्या आसपास एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, हंगाम सुरू होतो आणि गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या घरात पहाटेच दिवा लागायला लागतो. टोरांटोत संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा इथे साडेचार वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेपाच. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडपर्यंत पोदेर (पाववाला) हॉर्न वाजवत दारात हजर! फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला हे व्यसन लावलं ते कॅनडात मिसिसागाला राहणाऱ्या भाच्याने. त्याच्याच सांगण्यावरून मी एका वहीत आमच्या संघाच्या बचावपटूंना दर सामन्याला दहापैकी गुण द्यायला लागलो. पहिल्या वर्षाची वही आता चाळली की हसू येतं, कारण त्यातले निम्मे गुण भलत्याच गोष्टीला दिलेले आहेत.

गोल झाला तेव्हा जवळ उभा, म्हणून दोषी

जुवारी नदीकाठच्या खाजनांत, म्हणजे खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतांत, बांध फुटला की सगळा गाव धावतो. तो फुटला नाही त्या वर्षांची आठवण कोणी काढत नाही. बचावपटूचं तसंच आहे. गोल झाला की कॅमेरा गोलसमोर पडलेल्या माणसावर जातो आणि आपण वहीत फुली मारून मोकळे होतो. भाचा एकदा वैतागून म्हणाला, "मामा, तू फक्त पक, ती रबरी चकती, बघतोस. त्याच्या आधी काय झालं ते बघ ना!" बघितलं. आमच्याच फॉरवर्डने निळ्या रेषेवर, म्हणजे आपल्या बचावाच्या भागाच्या सीमेवर, पक घालवला होता, आणि हा बिचारा एकटा दोघांसमोर सापडला होता. तेव्हापासून मी रिप्ले गोलपासून बघत नाही. आपल्या संघाकडे पक शेवटचा कधी होता, तिथपासून बघतो. खरी चूक बरेचदा तिथेच सापडते.

प्लस-मायनस म्हणजे प्रगतिपुस्तक नव्हे

ही चूक सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चिवट. समसमान खेळाडू असताना किंवा आपला एक कमी असताना आपण गोल केला, तर बर्फावरच्या आपल्या प्रत्येकाला एक प्लस मिळतो. तसाच गोल खाल्ला तर एक मायनस. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, केलेला गोल कोणाच्याच खात्यात जात नाही. पण हरणारा संघ शेवटी जादा खेळाडू उतरवायला गोलरक्षक बाहेर काढतो आणि मोकळ्या जाळीत गोल खातो, तो मात्र धरला जातो. म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षक ज्याच्यावर भरवसा ठेवून बर्फावर पाठवतो, त्याच्याच खात्यात मायनस साचतात.

बॉस्टनचा बचावपटू बॉबी ऑर याचा 1970-71 चा +124 हा आजही एका हंगामाचा विक्रम आहे. ऑर महान होताच, पण त्या वर्षी बॉस्टनने 399 गोल केले होते, हेही त्या आकड्यात मिसळलेलं आहे. उलट टोकाला एरिक कार्लसन. 2022-23 मध्ये त्याने सॅन होजेसाठी 101 गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मिळवले, सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेतली, आणि त्याचं प्लस-मायनस होतं उणे 26! त्याचा संघ तळाजवळ होता. यावरून कार्लसन बचावात पक्का होता असं सिद्ध होत नाही, आणि कच्चा होता असंही नाही. माझ्या मते नॉरिसच मुळात गोल-असिस्टकडे फार झुकलेली आहे, पण तो वाद भाच्याशी चालू आहे.

पाठीमागे गोलरक्षक कोण, यावरही बरंच ठरतं. शंभरातले 90 फटके अडवणारा आणि 92 अडवणारा, यांत बचावपटू तोच राहूनही शंभर फटक्यांमागे दोन गोलांचा फरक पडतो. म्हणून गोलांऐवजी फटक्यांचे सगळे प्रयत्न मोजा: जाळीवर आलेले, चुकलेले, अडवलेले. याला कोर्सी म्हणतात, बफेलोचे तेव्हाचे गोलरक्षकांचे प्रशिक्षक जिम कोर्सी यांच्या नावावरून. नॅचरल स्टॅट ट्रिक या वेबसाइटवर हे फुकट मिळतं. एक पथ्य पाळा. आकडा एकटा वाचू नका. तो खेळाडू बाकावर असताना संघाचं काय होतं, त्याच्याशी ताडून बघा.

हिट आणि ब्लॉक मोजून खूश होणं

अंगावर फटके झेलणारा गडी आवडतो, मलाही. पण ज्याला रोज फटके अडवावे लागतात, तो रोज आपल्याच गोलसमोर अडकलेला असतो. गोव्याच्या डेम्पो क्लबच्या काळातल्या फुटबॉल बचावपटू महेश गवळीला खेळताना पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. उभं राहायची जागा बरोबर असली की घसरून टॅकल करायची वेळ कमी येते. कॅरोलायनाचा जेकब स्लेव्हिन 2020-21 मध्ये 52 सामने खेळला आणि अख्ख्या हंगामात त्याच्यावर 2 मिनिटांची शिक्षा झाली. सभ्य खेळाची लेडी बिंग ट्रॉफी त्याला मिळाली. धडकाधडकी मोजणाऱ्या वहीत असा माणूस दिसतच नाही.

सगळ्यांना एकच फूटपट्टी

सामन्यात साधारण सहा बचावपटू, तीन जोड्या. पहिली जोडी समोरच्यांच्या सर्वोत्तम फॉरवर्डसमोर उतरते, तिसरीला प्रशिक्षक जपून, सोप्या जागी उतरवतो. तिसऱ्या जोडीतल्याचे आकडे चकचकीत दिसले म्हणून त्याला वर चढवा, आणि दोन आठवड्यांत तोंडघशी पडा. जोडीदारही बघा. चांगल्या साथीदाराच्या पंखाखाली कित्येकांचे हंगाम निघून जातात. तो साथीदार जखमी झाला की खरा भाव कळतो.

दहा सामन्यांत निकाल

हंगाम 80 हून जास्त सामन्यांचा. दहा सामन्यांवर कोणाला मोडीत काढू नका; मी वीसच्या आत मत कायम करत नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत मार्चमध्ये, आमच्या शिगम्याच्या दिवसांत येते. तोवर थांबलात तर बिघडत नाही.

पण चांगला खेळणारा अचानक घसरला, तर? आधी जोडीदार बदलला का ते बघा. मग बाजू: डावखुऱ्या काठीचा माणूस उजवीकडे खेळवला की कठड्यालगतचा पक त्याला उलट्या हाताने बाहेर काढावा लागतो, आणि पास चुकतात. मग त्याची मिनिटं कमी झालीत का. तीही कमी झाली असतील तर दुखापतीची शंका घ्या, कारण संघ ‘वरचं अंग’ किंवा ‘खालचं अंग’ यापलीकडे काही सांगत नाहीत. हे सगळं जागेवर असेल तरच खेळाडूला बोल लावा.

डोळा एक सांगतो, आकडा दुसरं

हे हमखास होतं. फातोर्ड्याच्या फुटबॉल स्टेडियमात वर बसलं की अख्खी बचावफळी एका नजरेत येते. टीव्हीवर कॅमेरा पकामागे धावतो आणि आपला माणूस चौकटीबाहेर राहतो. यावर माझा उपाय म्हणजे एका पिरियडला एकच खेळाडू बघायचा, पक दिसला नाही तरी चालेल. समोरचा निळ्या रेषेपाशी येतो तेव्हा हा किती अंतर ठेवतो? त्याला पक आत फेकून द्यायला लावतो, की आरामात घेऊन येऊ देतो? कोपऱ्यात पक उचलण्याआधी खांद्यावरून मागे बघतो का, आणि पहिला पास साथीदाराच्या काठीवर जातो की काचेवर आपटून कुठेतरी?

आणि पिरियड कोणता, तेही लिहून ठेवा. दुसऱ्या पिरियडला बाजू बदलतात, त्यामुळे आपला बाक आपल्या गोलपासून लांब पडतो. दमलेला बचावपटू बदलायला जाऊ शकत नाही. पाऊण मिनिटाची शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) दीड-दोन मिनिटांवर जाते, पाय जड होतात आणि गोल पडतो. माझ्या वहीत दुसऱ्या पिरियडचे गोल आता हिरव्या शाईने लिहिलेले असतात.