आर्डुइनो शिकताना या चुका टाळा

दहावीची परीक्षा संपली की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, नाहीतर ऑनलाइन, आर्डुइनोचं, म्हणजे कोड लिहून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डाचं, ढीगभर सेन्सर असलेलं किट घरी येतं. आठ दिवसांत ते माळ्यावर जातं. पोराची हौस फिटली, असं आईबाबा म्हणतात. बऱ्याचदा चूक असते ती केबलची.

थट्टा नाही करत. आर्डुइनो नॅनोसारख्या छोट्या बोर्डाला घरात पडलेली चार्जिंगची केबल लावली की बोर्डावरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरवर बोर्डाचा पोर्ट, म्हणजे त्याच्याशी जोडणीचं नाव, काही दिसत नाही. अशा काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. केबल बदलूनही पोर्ट दिसेना, तर बोर्डावरची यूएसबीची चिप बघा. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० असते आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला ती ओळखता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, कधी कधी वेगळा टाकावा लागतो. पोर्ट दिसतोय, पण कोड बोर्डावर पाठवताना अपलोड ‘नॉट इन सिंक’ म्हणत अडतंय? पिन ० आणि १ मध्ये काही खोचलं असेल तर काढा. अपलोड त्याच वाटेने होतं. जुना किंवा स्वस्तातला नॅनो असेल तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून बघा. मुलं सगळ्यात जास्त इथेच कंटाळतात, आणि यात कोडिंगचा काडीचा संबंध नसतो.

पहिल्याच दिवशी रोबोट करायला घेऊ नका. ऊनो आर३ या बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरच्या आसपासच करंट घ्यावा, ४० ही अगदी टोकाची मर्यादा. खेळण्यातली मोटर त्याहून कितीतरी जास्त ओढते, म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला लागणारा करंट सोसणारं सर्किट, हवाच. ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरीही मोटरच्या कामाची नाही. सर्व्होने, म्हणजे ठरावीक कोनात वळणाऱ्या मोटरने, झटका दिला की व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो आणि आपण कोडमधली चूक शोधत बसतो.

एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर लावा. लांब ब्रेडबोर्डवरची, म्हणजे सोल्डरिंग न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवरची, लाल-निळी रेघ मध्येच तुटलेली दिसली, तर आतली पट्टीही तिथे तुटलेली असते.

काही जळेल याची धास्ती वाटते? आधी टिंकरकॅड या वेबसाइटवर जोडणी करून बघा. फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं.

व्हिडिओंचं म्हणाल, तर नुसते बघून हात वळत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे बरेच पाठ मराठीत आहेत, साधारण दहा-दहा मिनिटांचे. एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला आपलं काम, अशीच त्यांची रचना आहे. पाठ थांबवा, करून बघा, मग पुढे जा. आणि चाललेला कोड मुद्दाम बिघडवा. दिवा लुकलुकवणाऱ्या कोडच्या डिलेमधल्या, म्हणजे थांबायच्या वेळेच्या, १००० चे १०० करा, काय होतं ते बघा.

शेवटचं, बटणाचं. बटणाने लावायचा दिवा हात न लावता लुकलुकतोय? भुताटकी नाही, बटण दाबलेलं नसताना त्याची पिन कशालाच जोडलेली नाही, अधांतरी आहे. पिनमोडमध्ये इनपुट पुलअप लिहा आणि बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला जोडा. मग मात्र बटण दाबल्यावर ‘लो’ येतं आणि सोडल्यावर ‘हाय’, तेव्हा ‘इफ’ची अटही उलटी करा.