पुरुषांमधील स्तनवाढ: कशी ओळखावी, कारण कसे शोधावे, उपचार कसा ठरवावा

छाती पुढे आलेली दिसू लागली की बहुतेक पुरुष आधी कपडे बदलतात. डॉक्टरांकडे जाण्याचे फार उशिरा सुचते. सैल शर्ट, आत घट्ट बनियन, पोक काढून चालणे, पोहायला जाणे बंद करणे आणि मुलगा शाळकरी असेल तर वह्या छातीशी धरून वर्गात शिरणे, असे हे लपवणे महिनोन्‌महिने चालते. उपचाराच्या दृष्टीने नेमके हेच महिने सर्वांत मोलाचे असतात. वाढ नवी असते तोवर ती मागे हटू शकते. साधारण वर्ष उलटून गेले की त्या जागी चिवट, तंतुमय भाग तयार होतो आणि मग औषधांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून संकोच बाजूला ठेवून पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली पायरी: ग्रंथी आहे की चरबी, हे पाहावे

पुरुषाच्या छातीतही स्तनग्रंथीचा थोडासा अंश जन्मापासून असतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याला वाढवते, तर टेस्टोस्टेरॉन त्याला आवर घालते. ही दोन्ही संप्रेरके प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असतात. त्यांचे आपसांतले प्रमाण इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकले की ग्रंथी वाढू लागते, आणि या वाढीलाच ‘गायनेकोमास्टिया’ म्हणतात. छातीवर केवळ मेद साठणे ही वेगळी गोष्ट आहे.

फरक ओळखण्यासाठी पाठीवर उताणे झोपावे, एक हात डोक्याखाली घ्यावा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा व तर्जनी स्तनाच्या दोन्ही कडांना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे सरकवत आणावीत. ग्रंथी वाढलेली असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली, रबरासारखी लवचिक आणि कड स्पष्ट जाणवणारी चकती बोटांना अडते. ती दाबल्यावर दुखूही शकते. केवळ चरबी असेल तर बोटे कशालाही न अडता थेट स्तनाग्रापर्यंत पोहोचतात. दोन्ही बाजू तपासाव्यात. वाढ एकाच बाजूला असली किंवा डावी-उजवी कमीजास्त असली तरी तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

घाई करावी अशी लक्षणे मात्र ठाऊक असलीच पाहिजेत. गाठ दगडासारखी टणक असणे, स्तनाग्राच्या खाली नसून एका बाजूला असणे, कातडीला किंवा आतल्या स्नायूला चिकटल्यासारखी न हलणे, त्यावरची त्वचा खळी पडल्यासारखी ओढली जाणे, स्तनाग्र आत वळणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे किंवा काखेत गाठी लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास थांबू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुषांचे प्रमाण सुमारे 1 टक्का किंवा त्याहून कमी आहे. पण पुरुषाला हा आजार होतच नाही या समजुतीपायी निदानाला उशीर होतो, आणि तो उशीर महागात पडतो.

दुसरी पायरी: वय लक्षात घ्यावे

नवजात बाळाची छाती फुगलेली दिसणे हा आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो. काही आठवड्यांत ती आपोआप बसते. ती कधीही पिळू नये, कारण पिळल्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. वयात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना कमीअधिक वाढ जाणवते, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत ओसरते. या मुलाला सर्वांत आधी हवी असते ती खरी माहिती: हे अनेकांना होते, यात तुझी काही चूक नाही आणि तुझ्या पुरुषत्वात यामुळे काही उणे येत नाही. घरातल्या मोठ्यांनी हे त्याला एकांतात, स्पष्ट शब्दांत सांगावे. थट्टा तर सोडाच, पण ‘जाईल आपोआप’ एवढेच म्हणून विषय झटकल्यानेही तो अधिकच आक्रसतो. पन्नाशीनंतर टेस्टोस्टेरॉन घटत जाते, अंगावरचा मेद वाढतो आणि मेदातच टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत असल्याने या वयात वाढ पुन्हा अधिक प्रमाणात आढळते.

तिसरी पायरी: पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी करावी

प्रौढांत औषधे हे फार मोठे कारण असते. रक्तदाब व हृदयविकारावरील स्पायरोनोलॅक्टोन, आम्लपित्तावरील सिमेटिडीन, बुरशीच्या संसर्गावरील किटोकोनॅझोल, केस गळणे किंवा प्रोस्टेट यांसाठी दिली जाणारी फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड, प्रोस्टेटच्या कर्करोगावरील बायकॅल्युटामाइड, मानसिक आजारावरील रिस्पेरिडोन ही त्यांतली नेहमीची नावे. अतिमद्यपान आणि व्यायामशाळेत घेतली जाणारी स्टेरॉइड्सही यादीत मोकळेपणाने लिहावीत. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचेही इस्ट्रोजेन होते. त्यामुळे कमतरता सिद्ध झालेली नसताना स्तनवाढीवर उपाय म्हणून ते घेतले तर वाढ बळावू शकते. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. अनेकदा पर्याय असतो. उदाहरणार्थ, स्पायरोनोलॅक्टोनऐवजी एप्लेरेनोन देता येते. कारणीभूत औषध थांबल्यावर दुखरेपणा साधारण महिन्याभरात कमी होऊ लागतो.

चौथी पायरी: डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यावे

येथे एका गोष्टीसाठी मनाची तयारी ठेवावी: तपासणी छातीपुरती नसते, वृषणांचीही असते. ती टाळू नये, कारण वृषणातील काही गाठींचे पहिले दृश्य लक्षण स्तनवाढ हेच असू शकते. रक्तात टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार), एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावणारे संप्रेरक), प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारे संप्रेरक), थायरॉइड, यकृत व मूत्रपिंड यांच्या चाचण्या गरजेप्रमाणे करतात. गर्भधारणेच्या चाचणीत शोधले जाते तेच एचसीजी हे संप्रेरक पुरुषाच्या रक्तात सापडले, तर वृषणाची सोनोग्राफी तातडीने करावी लागते. यकृताचा सिरॉसिस, मूत्रपिंड निकामी होणे आणि थायरॉइडचा अतिस्राव हेही यामागे असू शकतात. अमेरिकी डॉक्टर हॅरी क्लाइनफेल्टर यांनी 1942 मध्ये नऊ पुरुषांचे वर्णन केले, त्यांत स्तनवाढ आणि लहान वृषणे हीच ठळक लक्षणे होती. एक्स गुणसूत्र जास्तीचे असल्याने होणारी ही स्थिती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांपेक्षा जास्त असतो. छातीतील गाठीबद्दल शंका असल्यास मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि गरज भासल्यास सुईने तुकडा काढून तपासणी करतात.

पाचवी पायरी: उपचार ठरवावा

सर्वांनाच उपचार लागत नाही. मूळ कारण दूर झाले, दुखत नाही आणि मनालाही सलत नाही, तर दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवत राहणे पुरेसे आहे. केवळ चरबी असेल तर वजन उतरवण्याने फरक पडतो. ग्रंथीची चकती मात्र कितीही दंड-बैठका काढल्या तरी विरघळत नाही. छाती सपाट करण्याची हमी देणाऱ्या मलमांवर आणि गोळ्यांवर पैसे घालवू नयेत, असे मी ठामपणे सांगेन.

वाढ ताजी आणि दुखरी असेल तर डॉक्टर टॅमॉक्सिफेन काही महिने देतात. स्तनाच्या ऊतींवरील इस्ट्रोजेनचा परिणाम ते रोखते. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका त्याने वाढू शकत असल्याने ते देखरेखीखालीच घ्यावे.

जुन्या, घट्ट झालेल्या वाढीला शस्त्रक्रिया हाच खात्रीचा मार्ग आहे. चरबी लायपोसक्शनने ओढून काढतात आणि ग्रंथी स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेला छेद घेऊन काढतात; त्वचेचा रंग तिथेच बदलत असल्याने व्रण सहसा फारसा उठून दिसत नाही. ग्रंथी सबंध खरवडून काढली तर स्तनाग्र बशीसारखे खोलगट दिसते, म्हणून कुशल शल्यविशारद त्याखाली पातळसा थर राखतो. रक्त साचणे, बधिरपणा आणि दोन्ही बाजूंत असमानता या शक्यता आधीच विचारून घ्याव्यात. वयात येणाऱ्या मुलाची वाढ स्थिरावेपर्यंत शक्यतो थांबावे, कारण घाई केल्यास ग्रंथी पुन्हा वाढू शकते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे छातीवर घट्ट बसणारा दाबपट्टा घालावा लागतो, जड वजने उचलता येत नाहीत, आणि काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवला आहे ना, हे रुग्णाने स्वतः विचारून तो अहवाल जपून ठेवावा.