अंबरनाथ की बदलापूर? घर ठरवण्याआधी काय तपासाल

मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने घर शोधणारं कुटुंब बहुतेक वेळा याच दोन नावांवर येऊन अडतं. दोन्ही ठिकाणी नगरपालिका, दोन्हीकडे पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा, वीज महावितरणची, आणि मध्ये अंतर एका स्टेशनाचं. बदलापुरात त्याच पैशांत एक खोली जास्त मिळते, अंबरनाथ थोडं अलीकडे पडतं. एवढ्यावर निर्णय घेऊ नका. अंबरनाथमधल्या दोन वस्त्यांत जितका फरक सापडेल, तितका या दोन गावांत सापडणार नाही. आधी दोन्हीकडचे दोन-दोन परिसर निवडा आणि खालच्या गोष्टी प्रत्येक परिसरासाठी वेगळ्या तपासा.

सुरुवात लोकलपासून. सीएसएमटीपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर आणि बदलापूर सुमारे ६८. गाडीत फरक आठ-दहा मिनिटांचा. महिन्याला २५ दिवस जाऊन-येऊन धरले तर साधारण सात-आठ तास. पण खरा फरक बसायला मिळण्याचा. वेळापत्रकात तुमच्या वेळेच्या पुढच्या-मागच्या अर्ध्या तासात बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्या किती आणि अंबरनाथहून सुटणाऱ्या किती, ते मोजा. कर्जत-खोपोलीहून येणाऱ्या गाड्या या मोजणीत धरू नका, त्या भरूनच येतात. अंबरनाथचे कित्येक लोक सकाळी आधी बदलापूरला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. तुमचाही तोच बेत असेल, तर पास बदलापूरपर्यंतचा काढावा लागेल आणि वाचलेली मिनिटं तिथेच खर्ची पडतील.

घर पक्कं करण्याआधी एका कामाच्या दिवशी त्या इमारतीच्या दारातून ऑफिसपर्यंत जाऊन बघा, आणि संध्याकाळच्या गर्दीतच परत या. जाहिरातीतलं 'स्टेशनपासून ७ मिनिटं' बहुधा रात्री दहाच्या मोकळ्या रस्त्यावर मोजलेलं असतं. संध्याकाळी शेअर रिक्षाची रांग किती, शेवटच्या लोकलनंतर रिक्षा मिळते का, आणि घर पश्चिमेला नि शाळा पूर्वेला असेल तर रूळ ओलांडायला काय सोय आहे, हे पायाखालून गेल्याशिवाय कळत नाही. बदलापुरात पूर्व-पश्चिम उड्डाणपुलावर संध्याकाळी गाड्या तुंबतात; स्टेशन आणि शाळा एकाच बाजूला मिळाल्या तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

दोन स्टेशनांमध्ये चिखलोली हे नवं स्टेशन, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ ही नावं प्रत्येक एजंटच्या तोंडी असतात. पहिल्या दोन्हींची कामं जागेवर दिसतात, मेट्रो कागदावर आहे. जे आज चालू नाही त्याचे पैसे आज देऊ नका. नोकरी नवी मुंबईत असेल तर रेल्वेपेक्षा काटई-बदलापूर रस्ता आणि तळोज्याकडे जाणारा रस्ता महत्त्वाचा. तिथे अंबरनाथ पूर्वेचा, नेवाळी फाट्याच्या बाजूचा भाग सोयीचा पडतो.

आता पाणी, म्हणजे पुराचंही आणि नळाचंही.

बदलापूरच्या पश्चिमेला उल्हास नदी आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या जुलैत तिने काठच्या वस्त्यांत पाणी घातलं. २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, ती याच नदीमुळे. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली, सोनिवली या बाजूला घर बघत असाल तर पाटबंधारे विभागाच्या पूररेषेचा नकाशा नगरपालिकेच्या नगररचना विभागात मागा. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, तांबडी म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत घर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. दोन रेषांच्या मधल्या इमारतीत जोत्याची पातळी तांबड्या रेषेच्या वर आहे का, ते मंजूर नकाशावर बघा.

मजला वरचा आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. लिफ्टचा खड्डा, मीटरची खोली, पाण्याचा पंप आणि जमिनीखालची टाकी खालीच असतात. पाणी चढलं की सातव्या मजल्यावरचं घर कोरडं राहतं, पण वीज आणि पिण्याचं पाणी दोन्ही जातं. म्हणून मीटरच्या पेट्या जमिनीपासून किती उंचीवर बसवल्या आहेत, ते उभं राहून बघा. पार्किंगच्या खांबांवर पुराच्या पाण्याची रेघ कधीकधी नव्या रंगाखालूनही ओळखू येते. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला २०१९ चं विचारा. ज्याचा माल भिजला तो विसरत नाही. अंबरनाथही यातून सुटलेलं नाही. वालधुनी नदी इथल्याच डोंगरातून निघून शिवमंदिराच्या बाजूने उल्हासनगरकडे जाते, आणि मोठ्या पावसात काठाच्या सखल भागात पाणी भरतं.

नळाच्या पाण्याचं एक साधं गणित करा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नागरी मानक. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, ४० घरांच्या सोसायटीला २१,६०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मार्च ते जून या महिन्यांची टँकरची बिलं मागा. बिलं दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा. पाणी किती दिवसांनी, किती तास आणि कोणत्या दाबाने येतं, हेही विचारा. बदलापूरचं पाणी उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून, म्हणजे बंधाऱ्यातून, उचललं जातं. अंबरनाथला चिखलोली धरण, एमआयडीसी आणि बॅरेज असे वेगवेगळे स्रोत आहेत. म्हणून अंबरनाथमध्ये एका भागात पाणी बंद असताना दुसऱ्या भागात नळ चालू असू शकतो. तुमच्या इमारतीची जोडणी कुठल्या जलकुंभावरून आहे, हे जीवन प्राधिकरणाच्या कार्यालयात कळेल.

तिसरी गोष्ट हवा. अंबरनाथला आनंदनगर आणि मोरिवली, बदलापूरला खरवई-माणकिवली या औद्योगिक वसाहती आहेत आणि त्यांत रासायनिक कारखाने आहेत. रविवारी सकाळी अकराला सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात तर काहीच जाणवणार नाही. रात्री अकरानंतर आणि पहाटे पाचला जा, शक्यतो हिवाळ्यात. त्या वेळी जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही आणि वास खालीच साठून राहतो. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे कारखान्यांच्या ईशान्येकडच्या वस्तीला तेव्हा जास्त त्रास. नकाशावर घर आणि वसाहत यांच्यात रेघ मारून अंतर आणि दिशा लिहून ठेवा. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल, तर हा मुद्दा किमतीच्या आधी घ्या.

पैशांचं गणित दोन घरांच्या फरकावर करा. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो, म्हणजे पाच लाखांचा फरक महिन्याला साधारण ४,३४० रुपयांचा. त्यातून जास्तीची रिक्षा, जास्तीचा पास, टँकरमुळे वाढलेला मेंटेनन्स वजा करा. बदलापूरची बचत काही घरांत इथेच निम्मी होते, काहींत तशीच टिकते. कर्जाची मर्यादाही आधीच बघा: ३० लाखांपर्यंत कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. ४५ लाखांच्या घराला ९ लाख स्वतःचे हवेत, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी, कारण बँक ती किमतीत धरत नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते; नवऱ्याचं नाव जोडलं की नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के. कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फूट, आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर जीएसटी नाही.

भाव एजंटकडून ऐकू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीचे किंवा शेजारचे इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या सौद्यांचे उतारे, काढा. खरे सौदे किती रुपयांना झाले ते दिसतं.

कागदपत्रांत रेरा (गृहप्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणारा कायदा) क्रमांकावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख घेऊन नगरपालिकेत स्वतः जा आणि नोंदवहीशी ताडून घ्या. हद्दीजवळच्या जागेला नेमकी परवानगी कुणाची, तेही तिथेच विचारा. रिसेलचं घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगीचा दाखला, ओसी), सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीकडे जाणं, कन्व्हेयन्स) झालं आहे का, आणि वकिलाकडून मालकीच्या नोंदी तपासलेला ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, हे तिन्ही हवेत. भोगवटा नसलेली इमारत स्वस्त मिळते खरी, पण उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही बँक कर्ज देताना अडवेल.

टोकन देताना कागदावर लिहून घ्या की कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकीत दोष निघाला तर रक्कम किती दिवसांत परत. रेरात नोंदलेल्या प्रकल्पात करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. मागितली तर रेरा कायद्याचं कलम १३ दाखवा.