वॉटरफॉलवर सिग्नल दिसला, पण आला कुठनं?

ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगच्या) पोरांचा ठरलेला प्रश्न, "दादा, एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेऊ का?" घे की भावा, पण तो सिग्नल दाखवणार (स्क्रीनवर सरकत जाणारं सिग्नलचं चित्र, त्यालाच वॉटरफॉल म्हणतात), दिशा नाही. साध्या आरटीएल डोंगलवर एका वेळी जेमतेम 2.4 मेगाहर्ट्झचा पट्टा दिसतो, म्हणजे कोल्हापूर आकाशवाणीचं 102.7 आणि टोमॅटो एफएमचं 94.3 एका स्क्रीनवर मावतच नाहीत. तरी सुरुवात इथनंच करा. एफएमचा रुंद पट्टा कसा दिसतो, एलईडी बल्बचा ड्रायव्हर (आतलं सर्किट) सिग्नलमध्ये किती कचरा करतो, गेन (सिग्नल मोठा करायचं प्रमाण) वाढवला की नसलेली स्टेशनं कशी उगवतात, हे नजरेला कळलं पाहिजे.

दिशेची खरी मजा मात्र जुन्या पद्धतीत आहे. 1920 च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ वॉटसन-वॅट यांनी विजांचे रेडिओ सिग्नल पकडायला दोन लूप अँटेना (तारेची वेटोळी) काटकोनात लावले, एकाचा सिग्नल सीआरटीच्या (जुन्या टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबच्या) आडव्या प्लेट्सना, दुसऱ्याचा उभ्या, आणि पडद्यावर जी तिरकी रेघ उमटते तिच्यावरनं वादळाची दिशा कळायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या हुडकायला हेच तत्त्व कामाला आलं. कॉलेजच्या लॅबमधला दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडला (एक सिग्नल आडवा, दुसरा उभा) टाकून, लूपला अँप्लिफायर लावून हे जमतंय, आणि आपल्याकडं एप्रिल-मेला वळीव लागला की सिग्नलला तोटा नाही (ढग लांब आहेत तोवरच हां, डोक्यावर गडगडायला लागलं की गच्चीवरनं खाली या).

दोन्ही अँप्लिफायर सारखे पाहिजेत, फेज (दोन लहरींचा एकमेकींशी असलेला ताळमेळ) हलली की रेघेचा लंबगोल होतो. शिवाय रेघेला दोन टोकं, सिग्नल पन्हाळ्याकडनं आला का बरोबर उलट्या बाजूनं हे नुसत्या रेघेवरनं सांगता येत नाही, त्यासाठी तिसरा उभा सेन्स अँटेना लागतो. इंटरव्ह्यूत मी तरी आधी हेच विचारीन.

दोन स्वस्त डोंगल जोडून दिशा काढू म्हणाल तर दोघांचे क्लॉक वेगळे, फेज जुळत नाही. क्रॅकेनएसडीआर नावाच्या रिसीव्हरमध्ये पाच रिसीव्हर एकाच क्लॉकवर चालतात म्हणून त्याला जमतं. महाग आहे, चौघांत मिळून घ्या.

नोकरीचं म्हणाल तर यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेतनं इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिसला जाता येतं, स्पेक्ट्रमवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर) नजर ठेवायचं सरकारी काम तिकडंच. आणि हॅम (हौशी रेडिओ) लायसन्सची परीक्षा बारा वर्षं पूर्ण झाली की देता येते, ती तर आत्ताच देऊन टाका.