मुलांना ताऱ्याचा स्फोट समजावताय? या चुका टाळा

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या प्रचंड स्फोटाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास खिशातून फुगा काढतो. फुगवायचा, टाचणी लावायची आणि म्हणायचं, "फट्! असा फुटतो तारा!" कृपा करून हे बंद करा.

एका शाळेत हा प्रकार मी पाहिला. पहिली-दुसरीची मुलं, अंधार केलेला हॉल, आणि पाहुण्यांनी काही न सांगता फुगा फोडला. दोघं-तिघं रडायलाच लागली. पाहुणे हसत पुढच्या स्लाइडवर गेले. मागच्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपला सूर्य कधी फुटणार?" बाई म्हणाल्या, "गप्प बस, ऐक." दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत हजर. पोरगी रात्रभर झोपली नव्हती.

म्हणून 'स्फोट' हा शब्द काढण्याआधी मी सूर्याचं सांगून टाकते. गाभा कोसळून फुटायला तारा सूर्याच्या साधारण आठपट वस्तुमानाचा तरी लागतो. आपला सूर्य तेवढा नाही, तो असा फुटणार नाही. हे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेते आणि मगच पुढे जाते.

शिवाय फुगा विज्ञान म्हणूनही चुकीचा. तो आतल्या हवेच्या दाबाने फुटतो. प्रचंड ताऱ्याचं सुरू होतं ते उलट. गाभ्यात लोखंड साठतं, त्यापासून ऊर्जा मिळत नाही, आणि गाभा स्वतःच्या भाराने क्षणात आत कोसळतो. बाहेरचे थर उधळतात ते त्यानंतर. घाईतली माणसं नेमकं हे कोसळणंच गाळतात, आणि सगळी गंमत तर तिथेच आहे! हे दाखवायला बास्केटबॉलवर टेनिसचा चेंडू ठेवा आणि दोन्ही एकदम सोडा. खालचा म्हणजे गाभा, वरचा म्हणजे बाहेरचे थर. खालचा आपटून उसळतो, वरचा थेट छताकडे जातो. चेंडू मुलांच्याच हातात द्या. सुरुवातीला तो घरंगळेल, घरंगळू द्या. हिसकावून घेऊन "असं करायचं" दाखवू नका.

उल्का आणि सुपरनोव्हा एकाच दिवशी शिकवू नका. 'तारा तुटला' आणि 'तारा फुटला' यांची मुलं खिचडी करतात.

"आपण बघतो ते बहुतेक तारे कधीच मेलेत" हे वाक्य टाळ्या मिळवतं, पण खोटं आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे आजही तळपताहेत.

"आपण सगळे ताऱ्यांची धूळ" हेही पाच वर्षांच्या मुलासमोर फेकू नका. श्वासातला ऑक्सिजन अशा मोठ्या ताऱ्यांत तयार झाला, एवढंच सांगा.

आकडे कमी, खऱ्या घटना जास्त. 1054 साली चीनमधल्या निरीक्षकांनी एक 'पाहुणा तारा' नोंदवला. तो 23 दिवस भर दिवसा दिसत होता. त्याचे अवशेष म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ, वायू आणि धुळीचा चमकता ढग. दिवसा दिसणारा तारा म्हटलं की मुलं लगेच खिडकीकडे बघतात.

आणि पडद्यावरची रंगीत चित्रं दाखवून थांबू नका. हिवाळ्यात संध्याकाळी गच्चीवर न्या. मृग नक्षत्राच्या पोटातला बाण, म्हणजे एका रेषेतले तीन तारे, सापडला की चार पायांच्या ताऱ्यांपैकी तांबूस तारा शोधायला लावा. तो काक्षी (बीटलज्यूज). तो एक दिवस फुटणार आहे. "कधी?" असं विचारतीलच. उद्याही फुटेल, लाखभर वर्षंही लागतील, असं खरं उत्तर द्या. आणि तो इतका दूर आहे की आपल्याला काही होणार नाही, हे त्याच दमात सांगा.