पेपरवरील नावांचा क्रम आणि फसलेल्या प्रयोगांची वही

रसायनशास्त्रात पीएच.डी. करताना माझ्या दोन वर्षांच्या कामावर पेपर निघाला, तेव्हा त्यावर माझे नाव तिसरे होते. असे का, हे मी विचारले नाही. कारण ते विचारता येते, हेच मला ठाऊक नव्हते. आज माझ्याकडे संशोधनाला येणाऱ्यांपैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर असतात आणि या गोष्टी त्यांना सांगणारे घरी कोणी नसते. म्हणून विषय ठरण्याआधीच मी लेखकांच्या क्रमाचे बोलणे काढते.

आमच्या विषयात पहिले नाव बहुधा सर्वाधिक काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. गणितात मात्र नावे सहसा आडनावांच्या वर्णक्रमाने येतात, त्यामुळे तिथे क्रमावरून कोणाचा वाटा किती हे कळत नाही. केवळ यंत्र वापरू दिले किंवा नमुना मोजून दिला, तर त्या व्यक्तीचे नाव आभारात येते. लेखक होणे म्हणजे त्या कामाबद्दल उद्या शंका निघाली तर उत्तर द्यायला बांधील असणे, हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते.

दुसरी अडचण प्रयोगांच्या नोंदवहीची. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये अपेक्षित उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिले की सही मिळते, आणि ती सवय इथे घातक ठरते. एका विद्यार्थिनीने ‘वही खराब दिसेल’ म्हणून तीन आठवड्यांच्या फसलेल्या रिॲक्शनची नोंदच ठेवली नाही. द्रावकात ओलावा होता हे पुढे कळले, पण कोणत्या दिवशी कोणती बाटली वापरली हे सांगता येईना आणि सगळे प्रयोग पुन्हा करावे लागले. चूक माझीही होती, कारण फसलेले लिहायचे असते हे मी तिला सांगितलेच नव्हते.

वाङ्मयचौर्याविषयीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण सहकाऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडली तर साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ती सापडत नाही, तरीही श्रेय द्यावेच लागते.

नवीन विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात नम्रपणे विचारावे, “मॅडम, या कामातून पेपर झाला तर नावांचा क्रम कसा राहील?” जे ठरेल ते त्याच संध्याकाळी मार्गदर्शकाला ईमेलने लिहून कळवावे, आणि पुढे कामाची वाटणी बदलली तर हेच बोलणे पुन्हा करावे.